जर्मनची सायकल

उमरग्याला हायवेच्या कडेला, ट्रकच्या टायरवाल्यांच्या रांगेत, एक सायकलचं दुकान आहे आणि ते एक बाई चालवते. पंक्चर काढायला आलेला नवखा माणूस आधी आत डोकावतो आणि विचारतो, "मालक कुठं गेले?" शिवकांता हातातला पाना खाली न ठेवता सांगते, "मालक तुमच्या म्होरंच बसलाय. ट्यूब काढा." चव्वेचाळीस वर्षांची बाई, आवाज रस्त्यापलीकडं जाईल असा, राग नाकाच्या शेंड्यावर. पण हात असा, की तिनं सरळ केलेलं चाक वर्षभर पुन्हा डुलायचं नाव काढत नाही.

या शिवकांतानं सप्टेंबरातल्या एका सोमवारी भर सकाळी दुकानाचं शटर ओढलं, जीप पकडली आणि ती जांभळसांगवीला शंभुलिंग मास्तरांशी भांडायला गेली.

भूकंपाला तीस वर्षं पूर्ण होत होती. त्या पहाटे गाव झोपेतच आडवं झालं, तेव्हा ज्यांनी नुसत्या हातांनी दगडमाती उपसून माणसं बाहेर काढली, त्यांचा तीस तारखेला सत्कार करायचं गावानं ठरवलं होतं. यादी मास्तरांनी केली. तेवीस नावं. त्यात तिच्या बापाचं, वीरप्पाचं नाव नव्हतं. वीरप्पानं अकरा माणसं जिवंत काढली होती. अकरा! त्यातली दोन तर सत्काराच्या समितीतच बसलेली होती.

मास्तर ऐंशीचे. जन्मभर त्यांनी पोरांचं मराठी दुरुस्त केलं आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नव्हती. कुणी लग्नाची पत्रिका हातात दिली तरी आधी त्यांच्या खिशातलं लाल पेन निघायचं, मग आशीर्वाद. माणूस मात्र सुतासारखा सरळ. पंचाईत अशी, की लबाड माणसाशी भांडणं सोपं असतं, सरळ माणसाशी भांडताना तोंड कोरडं पडतं.

"मास्तर, अप्पाचं नाव का न्हाय?"

"'न्हाय' नव्हे, 'नाही'. बस आधी."

"बसायला आले न्हाय म्या. अकरा माणसं काढल्यात माझ्या बापानं."

"काढली. मी डोळ्यांनी पाहिली आहेत," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण ती सायकल?"

ती सायकल! तीस वर्षं हाच एक शब्द त्या घराच्या मानगुटीवर बसला होता. भूकंपानंतर दीड महिन्यानं परदेशातल्या कुठल्याशा मंडळानं गावाला मदत म्हणून सायकली पाठवल्या. हिरव्यागार, जाड टायरच्या, गिअरच्या, दांडीवर पांढऱ्या अक्षरांत 'डनमोर' लिहिलेल्या. डोंगरात चालवायची असली सायकल गावानं तोवर बघितलीच नव्हती. कागदावर वीस होत्या, मोजल्या तर एकोणीस भरल्या. आणि हुबेहूब तशीच, हिरवी, डनमोर लिहिलेली एक सायकल वीरप्पाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

वीरप्पा सांगत होता की ती टामसाहेबानं दिली. टॉम नावाचा एक गोरा सायकलवरून देश बघत हैदराबादकडं निघाला होता आणि त्या पहाटे उमरग्याच्या लॉजवर मुक्कामाला होता. बातमी कळताच तो सांगवीत आला, पंधरा दिवस वीरप्पाच्या बरोबरीनं त्यानं माती उपसली, मग तापानं फणफणला. त्याला जीपमध्ये घालून नेताना त्यानं आपली सायकल वीरप्पाच्या हातात दिली. पण त्या महिन्यात गोरी माणसं इतकी आली आणि गेली, की कुणाला टाम आठवणार आणि कुणाला त्याची चिखलानं माखलेली सायकल! चौदा वर्षांच्या शिवकांताला तर तेव्हा मामाकडं धाडलेलं होतं. पंच बसले. मास्तरांनी वीरप्पाचा जबाब वहीत उतरवून घेतला आणि त्या जबाबातच वीरप्पा अडकला. ही मदतीतली नाही, ही जर्मनीची सायकल आहे, असं तो म्हणाल्याचं वहीत होतं. पंचांनी सायकल आडवी पाडून बघितली, तर तिच्यावर स्वच्छ इंग्रजीत 'मेड इन इंग्लंड'. खोटं उघडं पडलं.

पोलिसात कुणी गेलं नाही. "राहू दे तुलाच," असं म्हणून गावानं ती सायकल त्याच्याकडंच ठेवली आणि खरा मार तो होता. वीरप्पा बायको-पोरीला घेऊन उमरग्याला आला, पंक्चरचं दुकान टाकलं, पण सांगवीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. सरकारनं गाव नव्या जागी वसवलं, तिथली सरळ गल्ल्यांची पक्की घरं त्यानं बघितलीसुद्धा नव्हती. सायकल पोत्यात गुंडाळून दुकानाच्या आढ्याला टांगली. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

"शौर्य मी नाकारत नाही, पोरी," मास्तर म्हणाले. "पण उघड्यावर पडलेल्या गावाची वस्तू, आणि वर खोटा जबाब. वहीत लिहिलेलं आहे. पुरावा आण, मी स्वतःच्या हातानं खोडीन."

एरवी शिवकांतानं मास्तरांना दहा शब्द ऐकवले असते. पण ती उठून निघाली. कारण जे ती कुणापाशी कधी बोलली नव्हती ते हे, की तिलाही अप्पा खोटं बोलले असंच वाटायचं. अकरा जीव वाचवलेल्या माणसानं एक सायकल ठेवून घेतली तर काय आभाळ कोसळलं, अशी ती मनाची समजूत घालायची. समजूत घालावी लागते, यातच सगळं आलं, हेही तिला कळायचं. परतीच्या जीपमध्ये तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुकानात आल्याबरोबर तिनं स्टूल ओढलं. वीरप्पा बाहेर बाकड्यावर बसलेला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, ऐकायला जरा कमी येणारा, बोलायला त्याहून कमी.

"काय करायलीस?"

"सायकल उतरवायले. बघू तरी द्या."

वीरप्पानं मान फिरवली. नको म्हणाला नाही.

जाड टायरची सायकल म्हणजे वजन असणार, म्हणून तिनं खालून चांगला नेट लावला, तर सायकल एकदम हलकी वर आली आणि ती स्टुलावरून पडता पडता वाचली. पोतं सोडलं. हँडलवर गंज, साखळीचा तर लाल चुरा झालेला. पण मधल्या फ्रेमवर जिथं जिथं रंग खरवडला होता तिथं तपकिरी काहीच नाही. राखाडी, पांढुरकं. तिनं नखानं उकरलं. पंचवीस वर्षांत हजारो सायकली तिच्या हाताखालून गेल्या होत्या, पण रंग उडून तीस वर्षं झाली तरी गंजायचं विसरलेलं लोखंड तिनं बघितलं नव्हतं.

तिनं फोटो काढले आणि सोलापूरच्या गुरुप्रसाद डॉक्टरला पाठवले. हा दातांचा डॉक्टर, पण जीव सगळा जुन्या सायकलींत. स्वतःच्या सायकली तो तिच्याकडंच दुरुस्तीला आणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याला कुलूप लावून तो दुकानापुढं हजर झाला, हातात जुन्या कॅटलॉगच्या झेरॉक्सची फाईल.

"ताई, कुठं मिळाली ही तुम्हाला?"

"आधी सांगा काय हाय ती."

डॉक्टर जमिनीवर बसला आणि डोकं वाकडं करून फ्रेमच्या पोटाखाली शिरला. शिवकांतानं स्टिकर दाखवलं, तर त्यानं हात झटकला. "स्टिकर बघायचंच नाही. स्टिकर कुणीही चिकटवतं. जोड बघायचे. हे बघा, नळी नळीला मिळते तिथं. काय दिसतंय?"

शिवकांतानं जोडावरून अंगठा फिरवला. "डागल्याची, वेल्डिंगची वळी न्हाय. नळी बाहीत घातल्यावानी घातलीया."

"घालून चिकटवलीय. गोंदानं."

"गोंदानं? सायकल?"

"त्या वेळी त्यांना ॲल्युमिनियम नीट डागायलाच जमत नव्हतं," डॉक्टर हसून म्हणाला. मग शिवकांतानं मदतीच्या सायकलींची सगळी हकिगत सांगितली, तसं त्यानं फाईल उघडून समजावलं. डनमोरच्या सायकली शेवटपर्यंत पोलादीच होत्या. मधे फक्त दोन वर्षं, शहाऐंशी आणि सत्त्याऐंशी, कंपनीनं ॲल्युमिनियमच्या फ्रेम करून बघितल्या, त्याही मोजक्या. नळ्या पोलादाइतक्याच बारीक ठेवल्या, रंग कंपनीचा नेहमीचा हिरवाच. त्यामुळं शेजारी उभी केली तरी बघणारा हमखास फसायचा. ओळखायचं ते जोडांवरून, लोहचुंबकावरून आणि पायडल ज्या आसावर फिरतं त्या धुरीखाली ठोकलेल्या नंबरावरून. ॲल्युमिनियमचा नंबर वर्षानं सुरू होतो.

सांडलेले छर्रे गोळा करायला दुकानात लोहचुंबक होतंच. शिवकांतानं ते फ्रेमवर ठेवलं, ते घरंगळून खाली पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मग तिनं डिझेलचा बोळा घेतला आणि धुरीखालची मळी घासायला लागली. आधी ८ दिसला. मग ६. तिनं बोळा पुन्हा डिझेलात बुडवला आणि दोन्ही आकडे लख्ख घासले.

"शहाऐंशी," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे तुमच्या भूकंपाच्या आधी सात वर्षं ही कुणाच्या तरी ढुंगणाखाली होती. नव्या कोऱ्या आलेल्या मालात ही असूच शकत नाही."

शिवकांता उठून बाहेर पळाली आणि बापाच्या कानाशी ओरडली. "अप्पा! डॉक्टर म्हनतेत, सायकल लोखंडाची न्हाय, ॲल्युमिनियमची हाय!"

वीरप्पानं शांतपणे तिच्याकडं बघितलं. "मंग म्या तीस वर्सं काय बोंबलायलोय?"

"काय?"

"जर्मनची सायकल हाय, जर्मनची! टामसाहेब म्हनला, ॲलुमिनम. म्या तुझ्या आईचं दुधाचं पातेलं दावलं, म्हनलं असलं का? तर तो म्हनला, येस. म्हंजे जर्मनच की!"

शिवकांताला एकेक भांडं आठवायला लागलं. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. आख्ख्या मुलखात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. तिच्या स्वतःच्या घरात जर्मनची चार भांडी होती. पण सायकल गोऱ्या साहेबाची, म्हणून सगळ्यांचे कान थेट परदेशात गेले आणि चुलीवरच्या पातेल्याकडं कुणी बघितलंच नाही. तिला हसू फुटलं आणि हसता हसताच ती बापाच्या पायाशी बसून रडायला लागली.

"अप्पा, मला वाटलं हुतं की तुमी..."

"म्हाईत हाय मला. तू कदी इचारलंच न्हाईस," वीरप्पा म्हणाला. "म्या खरा वाटलो असतो तर इचारलं असतंस." मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुपारच्या जीपनं ती पुन्हा सांगवीत. मास्तरांनी तीस वर्षांपूर्वीची वही काढून ठेवलीच होती. पिवळी पडलेली, पण अक्षर मोत्याचं. 'सदर सायकल जर्मनीची आहे, असे वीरप्पा सांगतो.'

"मास्तर, नीट आठवा. अप्पा 'जर्मनीची' म्हनले का 'जर्मनची'?"

"'जर्मनची' म्हणाला असेल. अशिक्षित माणूस," मास्तर म्हणाले. "देशाचं नाव जर्मनी. त्याचं षष्ठीचं रूप जर्मनीची. मी ते शुद्ध करून लिहिलं."

"तुमच्या घरात चहा कशात उकळतेत?"

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. "जर्मनच्या..." एवढंच ते म्हणाले.

शिवकांतानं डॉक्टरची फाईल पुढं सरकवली. मास्तरांनी ती लगेच घेतली नाही. त्यांनी आधी वहीची पानं उलटली आणि सायकली आल्या त्या दिवसाची स्वतःचीच नोंद काढली. 'नवीन लोखंडी सायकली, नग वीस.' मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एका वेलांटीनं एका माणसाचं गाव तुटलं होतं आणि ती वेलांटी त्यांनी शुद्धलेखनाच्या प्रेमापोटी दिली होती.

"मी पंचांसमोर लिहिलं," शेवटी ते म्हणाले. "तेव्हा पारखायचं तेही सगळ्यांसमोर. परवा चार वाजता, शाळेच्या मैदानात. सायकल आण. आणि मी तुझी बाजू घेणार नाही, हेही सांगून ठेवतो."

"घेऊ बी नगा," शिवकांता म्हणाली. "नुसते बघा."

दोन दिवसांत तिनं सायकलला नवे टायर, नवी साखळी, नव्या ब्रेकच्या तारा घातल्या. फ्रेमच्या रंगाला मात्र हात लावला नाही. गुरुवारी डॉक्टरच्या गाडीतून तिघं निघाले. सांगवीच्या फाट्यावर वीरप्पा उतरला आणि चहाच्या टपरीवर बसला. "बलावल्याबिगर म्या येनार न्हाय," असं म्हणून त्यानं काठी टेकली ती टेकलीच.

मैदानात सगळं गाव जमलं होतं. मास्तरांनी चोख काम केलं होतं. त्या एकोणीस सायकलींतली एक कुणाच्या तरी गोठ्यातून शोधून त्यांनी तिथं उभी करून ठेवली होती. दोन्ही हिरव्या, दोन्ही डनमोर. लांबून बघितलं तर जुळ्या बहिणी.

शिवकांतानं सगळं सांगितलं आणि लोहचुंबक वर धरलं. तेवढ्यात समितीतला बजरंग पुढं आला. पन्नाशीचा, पांढरे कपडे, बोलण्याची हौस मोठी. "आन इकडं, आमीच बघतो," म्हणत त्यानं चुंबक घेतलं आणि वीरप्पाच्या सायकलीच्या पुढच्या चाकाशी लावलं. टक! चिकटलं.

"लोखंडच की!" बजरंग ओरडला. मैदानात हशा पिकला. मागून कुणीतरी शिटी घातली. मास्तरांनी मान खाली घातली आणि डॉक्टरचा चेहरा पडला, कारण आता त्यानं काहीही सांगितलं तरी ते सारवासारव वाटणार होतं.

शिवकांता मात्र गडबडली नाही. ती कमरेवर हात ठेवून हशा ओसरेपर्यंत थांबली. "बजरंगदादा, तुमी चिमट्याला लावलंय. चाक धरायचा चिमटा लोखंडाचाच असतोय. आता मला सांगा, तुमच्या पँटीच्या पट्ट्याला पितळंचं बक्कल हाय, म्हनून काय पँट पितळंची व्हतीया?"

या वेळी हशा उलट्या बाजूनं आला. बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. शिवकांतानं बजरंगच्या हातातून चुंबक काढून घेतलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. "मास्तर, तुमी बघा. दोन्ही फ्रेमला."

मास्तर आधी गोठ्यातल्या सायकलीपाशी गेले. टक. मधली दांडी, खालची, मागची, जिथं लावलं तिथं टक. मग ते वीरप्पाच्या सायकलीपाशी आले आणि पोरं पुढं सरकली. वरच्या दांडीवर चुंबक ठेवलं, ते घसरून पडलं. खालच्या दांडीवर ठेवलं, पडलं. सीटखाली, मागच्या नळ्यांना, प्रत्येक ठिकाणी. मास्तर दर वेळी वाकून ते मातीतून उचलत होते, पुसत होते आणि पुन्हा लावत होते. शेवटी त्यांनी सायकल आडवी करायला लावली, गुडघे टेकले आणि धुरीखालचा नंबर बोट ठेवून मोठ्यानं वाचला. "आठ. सहा." दुसरीचा नंबर वाचला, त्यात शहाऐंशीचा मागमूस नव्हता. नळीच्या जोडावर डागल्याची जाड वळी मात्र आंधळ्यालाही हाताला लागावी अशी होती.

मास्तर उठले. वही उघडली. "वीरप्पानं पंचांना खरं सांगितलं होतं," ते म्हणाले. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "'जर्मनची' म्हणाला होता, म्हणजे ॲल्युमिनियमची. त्याचा शब्द बरोबर होता. मी तो दुरुस्त केला आणि चुकीचा केला. विसावी सायकल कुठं गेली ते मला आजही माहीत नाही. ती वीरप्पानं घेतली नाही, हे मला आज माहीत झालं." त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, सगळ्यांसमोर ती वेलांटी खोडली आणि खाली सही केली. मग सत्काराची यादी मागवली आणि तेविसाच्या वर, अगदी पहिल्या ओळीच्याही वर, वीरप्पाचं नाव लिहिलं.

कुणी टाळी वाजवली नाही. बजरंग मधोमध उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. ढिगाऱ्यातून काढलेल्या त्या अकरांतला एक तो होता. "म्या... म्या त्यांच्यामुळं जित्ता हाय," तो म्हणाला आणि एकदम फाट्याकडं धावत सुटला. त्याच्यामागं पोरं, पोरांमागं बाया, आणि सगळ्यांच्या मागून मास्तर, डॉक्टरच्या खांद्याला धरून. शिवकांतानं सायकल उचलली आणि तीही निघाली.

टपरीपाशी पोचेपर्यंत बजरंग वीरप्पाच्या पायांवर पडलेला होता आणि वीरप्पा "उठ की लेका, कापडं मळतेत," म्हणून त्याला ओढत होता. मास्तर आले तशी गर्दी बाजूला झाली. दोन म्हातारे तीस वर्षांनी समोरासमोर.

"वीरप्पा," मास्तर म्हणाले, "चूक माझी. गावात चल."

"लिवलं का?"

"लिहिलं. आणि आधीचं खोडलं."

वीरप्पानं काठी टपरीला टेकवली आणि ती तिथंच सोडली. शिवकांताच्या हातातून सायकल घेतली, एका दगडावर पाय दिला आणि सीटवर चढला. "अप्पा, झेपंल का?" असं ती विचारायच्या आतच पायडल फिरलं. सायकल डावीकडं झुकली, उजवीकडं झुकली, बायका किंचाळल्या, आणि मग ती सरळ झाली. हिरवी सायकल उतारानं नव्या गावात शिरली. वीरप्पाला एकही गल्ली ओळखीची नव्हती. "कुठं वळू रं?" तो ओरडत होता आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून माणसं उलट ओरडत होती, "सरळ, अप्पा, सरळ! आमच्या घरावरनं जावा!"

शिवकांताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला ते पुसायला वेळ नव्हता. पदर कमरेला खोचून ती सायकलच्या पुढं धावत होती आणि वाटेत येईल त्याला आपल्या त्या मोठ्या आवाजात दटावत होती, "सरका! बाजूला सरका! माझा बाप यायलाय!"